मंडळी इथे, पाळक तिथे

२०२० च्या मार्चमध्ये जगभरातल्या चर्चना एकाएकी कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागलं. पोप फ्रान्सिस २७ मार्चच्या पावसाळी संध्याकाळी सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात एकटे प्रार्थना करत होते. पंधरवड्यानंतर ईस्टरला कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी लॅम्बेथ पॅलेसमधल्या आपल्या स्वयंपाकघरातून उपासना चालवली. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळांची दारं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा लागली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. या दीड वर्षात पाळक आणि फादर मोबाइल उभा कसा करायचा, आवाज कुठे कापला जातो, ‘म्यूट’ कोणाला करायचं हे सगळं शिकले. दारं उघडली तरी कॅमेरा बंद झाला नाही, आणि त्याच्याभोवतीचा वादही नाही. पडद्यावरची उपासना खरी का? घरी बसून ‘आमेन’ म्हणणारा मंडळीचा सभासद का प्रेक्षक?

या वादावर गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातलं बरंचसं यंत्राबद्दल आहे, आणि तिथेच ते मला अपुरं वाटतं. लांब राहून मंडळी चालवणं हा उद्योग ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. त्याच्या यशापयशाचा हिशेब मांडला तर कॅमेऱ्यापेक्षा दुसरंच काहीतरी निर्णायक ठरलेलं दिसतं. पुढारी लांब असताना जवळच्या माणसाच्या हाती त्याने काय सोपवलं, यावर बहुतेक वेळा निकाल लागला आहे.

सुरुवात पौलापासून करायला हवी, कारण ऑनलाइन सेवेचे समर्थक आणि विरोधक दोघेही त्यालाच साक्षीला बोलावतात. थेस्सलनीकाच्या मंडळीला त्याने लिहिलेलं पहिलं पत्र इसवी सन ५० च्या आसपासचं, नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणापैकी एक. समर्थक म्हणतात, बघा, पत्रावर मंडळी चालली. पण त्या पत्रातला घटनाक्रम पाहा. पौलाला ते शहर घाईने सोडावं लागलं. मंडळीची काळजी असह्य झाली तेव्हा त्याने आधी तीमथ्याला तिकडे धाडलं. तीमथ्य राहून, बघून परत आला आणि मग पत्र गेलं. रोमकरांस पत्र घेऊन गेली ती बहुधा किंख्रियाची फिबी. तिचं नीट स्वागत करा, असं पौल शेवटच्या अध्यायात बजावतो. फिलिप्पैकरांची मदत तुरुंगातल्या पौलापर्यंत एपफ्रदीताने पोहोचवली आणि त्या खटपटीत तो मरणाच्या दारापर्यंत गेला. कलस्सै आणि लावदिकीया इथल्या मंडळ्यांनी आपापली पत्रं एकमेकींना वाचायला द्यावीत, अशी सूचना आहे. म्हणजे प्रत्येक पत्रामागे चालणारे पाय आहेत आणि पोहोचल्यावर उभं राहून वाचून दाखवणारं कोणीतरी आहे.

लांबून शिस्त लावायला गेल्यावर पौलाचीही पंचाईत झाली. करिंथच्या मंडळीत एका प्रकरणावर त्याने दुरूनच निकाल दिला. दुसऱ्या पत्रावरून कळतं की मधल्या काळात संबंध चांगलेच बिघडले होते. हा गृहस्थ पत्रात वाघ आणि समोर आला की मांजर, अशा अर्थाची कुजबुज तिथे होती. (समोर असणं म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. त्रोवसला पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं आणि खिडकीत पेंगणारा युतुख तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. झूमवर निदान तेवढी तरी सोय आहे.)

दुसऱ्या शतकात रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात एक बारीक तपशील येतो: भाकर आणि द्राक्षरस वाटून झाल्यावर जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन त्यांचा वाटा घेऊन जात. गैरहजर माणसाचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही होता आणि त्याचं उत्तर पायी चालत जाणारं होतं. २०२० च्या सगळ्या गदारोळात या उत्तराची आठवण फार थोड्यांना झाली.

आता एकदम १७८४ सालाकडे येतो. या एकाच वर्षात पृथ्वीच्या दोन टोकांना दूरच्या नेतृत्वाचे तीन निरनिराळे प्रयोग घडले. हे तिन्ही शेजारी ठेवून वाचले तर आजच्या वादातलं फारसं काही नवं वाटत नाही.

पहिला प्रयोग अमेरिकेतल्या अँग्लिकनांचा. इंग्लंडच्या वसाहतींत स्वातंत्र्ययुद्धापर्यंत एकही बिशप नव्हता. देखरेख लंडनच्या बिशपकडे असल्याचं मानलं जाई. पाळक व्हायचं तर तरुणाने अटलांटिक ओलांडून दीक्षा घ्यायची आणि त्याच वाटेने परत यायचं. काही जण समुद्रात गेले, काही देवीने. दृढीकरणाचा विधी तर तिथे कोणाला मिळतच नसे. अधिकार लंडनमधून तसूभर हलला नाही आणि मंडळ्या वर्षानुवर्षं अर्धवट राहिल्या. स्वातंत्र्यानंतर कनेक्टिकटच्या पाळकांनी सॅम्युएल सीबरी यांना निवडून इंग्लंडला पाठवलं. राजनिष्ठेची शपथ घेतल्याशिवाय तिथले बिशप अभिषेक करेनात. तेव्हा सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ ला ॲबर्डीनमध्ये बिशप होऊन परतले.

दुसरा जॉन वेस्लीचा. अमेरिकेतल्या त्याच्या मेथडिस्ट अनुयायांना प्रभुभोजन द्यायला दीक्षित माणूसच नव्हता. लंडनच्या बिशपने एकालाही दीक्षा द्यायला नकार दिला होता. ८१ वर्षांच्या वेस्लीने त्या सप्टेंबरात ब्रिस्टलमध्ये स्वतःच दोघांना दीक्षा दिली आणि थॉमस कोक यांना अधीक्षक नेमून बोटीत बसवलं. सख्खा भाऊ चार्ल्स यावर भयंकर चिडला. खरी गंमत पुढे आहे. फ्रान्सिस ॲस्बरी अमेरिकेतच राहून घोड्यावरून मंडळ्या हिंडत होता. वेस्लीने त्यालाही अधीक्षक नेमलं होतं. ॲस्बरी म्हणाला, नेमणूक चालायची नाही, इथल्या प्रचारकांनी मला निवडलं पाहिजे. बाल्टिमोरमध्ये नाताळात सभा भरली, त्यांनी निवडलं, आणि तीन दिवसांत तो डीकन, एल्डर आणि अधीक्षक झाला. तीन वर्षांनी त्याच सभेने वेस्लीच्या आज्ञेत राहण्याचं वचन कागदोपत्री रद्द केलं. दुरून प्रेमाने चालवलेल्या मंडळीनेही एक दिवस ‘आता आमचं आम्ही बघतो’ म्हटलं, आणि मेथडिस्ट अमेरिकेत झपाट्याने वाढले ते त्यानंतर.

तिसरा प्रयोग कोरियातला, आणि तो सर्वांत विलक्षण. यी सुंग-हून हा तरुण १७८४ मध्ये बीजिंगहून बाप्तिस्मा आणि पुस्तकं घेऊन परतला आणि त्याने मित्रांना बाप्तिस्मा द्यायला सुरुवात केली. देशात एकही धर्मगुरू नव्हता. पुस्तकात वाचून या मंडळींनी आपल्यातूनच धर्मगुरू नेमले, मिस्सा केली, पापनिवेदनं ऐकली. पुढे त्यांच्यातल्याच एकाला वाचता वाचता शंका आली: हा अधिकार आपल्याला दिला कोणी? त्यांनी गुप्तपणे बीजिंगच्या बिशपला पत्र पाठवलं. उत्तर आलं, बाप्तिस्मा चालू ठेवा, बाकीचं थांबवा. आणि त्यांनी थांबवलं! १७९४ च्या अखेरीस चू वेन-मो हा चिनी धर्मगुरू लपतछपत पोहोचला तेव्हा तिथे सुमारे ४,००० श्रद्धावंत होते.

पण बीजिंगच्या त्याच पत्रव्यवहारात पितरांच्या पूजेलाही मनाई होती. यून जी-चुंग याने आज्ञा पाळून घरातल्या पितरांच्या नामपट्टिका जाळल्या, आणि १७९१ मध्ये त्याचं मस्तक उडवलं गेलं. हुकूम बीजिंगचा, मान कोरियातली. लांबून सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने ही जागा थोडा वेळ डोळ्यांसमोर ठेवावी असं मला वाटतं. परक्या शहरातल्या कुटुंबाला व्हिडिओ कॉलवर ‘घरच्यांना ठणकावून सांगा’ म्हणणारे सल्लागार आजही भेटतात.

वेस्लीकडे आणखी एका गोष्टीसाठी परत जायला हवं. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावरचं कर्ज कसं फेडायचं यावर बैठक चालू होती. एकाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांचं काय, असं कोणी विचारलं. तो म्हणाला, अकरा जण माझ्याकडे द्या. ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी घालीन. मग बारा-बारा माणसांचे गट पडले आणि प्रत्येकावर एक जण नेमला गेला. तो दर आठवड्याला पेनी मागायला घरोघर जाऊ लागला, आणि पेनीबरोबर त्याला घरातलं भांडण, आजारपण, दारू सगळं दिसू लागलं. ‘क्लास मीटिंग’ ही मेथडिस्टांची प्रसिद्ध पद्धत या वसुलीतून निघाली. फिरता प्रचारक कित्येक आठवड्यांनी एकदा येई. मधल्या काळात मंडळी या क्लास लीडरच्या भरवशावर असे. विल्यम टेलर हा अमेरिकी प्रचारक १८७१–७२ मध्ये मुंबईत आला तेव्हा हीच पद्धत घेऊन आला आणि घराघरांतून त्याने गट बसवले.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांची जडणघडण तर दुरून चाललेल्या कारभारातच झाली. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आलं, पण त्याची सूत्रं बोस्टनला होती. शिडाच्या जहाजाने गेलेल्या पत्राचं उत्तर हाती यायला जवळजवळ वर्ष लागे. बोस्टनच्या कचेरीतले रूफस अँडरसन १८५४–५५ मध्ये स्वतः पाहणीला आले. त्यांचं मत ठाम होतं: मिशनऱ्यांनी मोठ्या ठाण्यात बसून राहू नये, खेड्यापाड्यांत लहान मंडळ्या उभ्या कराव्यात आणि त्यांच्यावर इथलेच पाळक नेमावेत. इंग्रजी शाळांवर त्यांनी केलेली टीका तेव्हा अनेकांना झोंबली, आजही तिच्याबद्दल दोन मतं आहेत. पाळकांच्या बाबतीत मात्र ते बरोबर ठरले. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत वर्षानुवर्षं उपासना चालवली ती मिशन शाळेच्या मास्तरांनी. आठवडाभर मुलांना बाराखडी, रविवारी मोठ्यांना वचन. दीक्षित पाळक प्रभुभोजनाला आणि लग्नाला यायचा, बाकी सुखदुःख मास्तरांकडे. नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी टाळ-मृदंगावर जे केलं त्यालाही कोणाच्या दीक्षेची गरज पडली नाही.

मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा जन्मही १८४२ मध्ये नगरचाच. विखुरलेल्या वाचकांना एकमेकांची खबर देणारं असं दुसरं साधन त्या काळी त्यांच्याकडे नव्हतं. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार पुढे फार टिकला नाही. कल्पना तर आजच्या कुठल्याही ‘सीमा नसलेल्या’ ऑनलाइन मंडळीपेक्षा धाडसी होती. पण टिळकांच्या माघारी सांभाळणारा हात तिला मिळाला नाही.

याच्या अगदी उलट टोक पाहायचं तर मुंबईत धोबीतलावच्या जेर महालात जावं. गोव्यातल्या एकेका गावाची तिथे ‘कूड’ आहे, म्हणजे गावकऱ्यांचं वसतिस्थान. बोटीवर नोकरी करणारा खलाशी जहाजाची वाट बघत इथे राहायचा. भिंतीलगत पेट्यांच्या रांगा, एका बाजूला वेदी, तिच्यावर गावच्या संताची प्रतिमा, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तेर्साला हजर राहणं हा कुडीचा नियम. गावच्या फेस्ताच्या दिवशी मुंबईतही फेस्त. फादर नाही, चर्च नाही, तरी ही माणसं धर्मग्रामाच्या बाहेर पडत नसत. गाव शेकडो मैलांवर आणि पुढचा मुक्काम कुठल्या बंदरात याचा पत्ता नाही, अशा माणसांची एवढी घट्ट मंडळी मला दुसरीकडे क्वचितच आढळली.

जपानचं उदाहरण नेहमी दिलं जातं, म्हणून थोडक्यात. ख्रिस्ती धर्मावरच्या १६१४ च्या बंदीनंतर तिथले धर्मगुरू संपले. नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत एकाकडे धार्मिक दिवसांचं पंचांग, एकाकडे बाप्तिस्मा आणि एकाकडे निरोप पोहोचवणं, अशी वाटणी झाली. १७ मार्च १८६५ ला उराकामीचे काही लोक ओउराच्या नव्या चर्चमध्ये फादर पेतिजाँ यांच्यासमोर येऊन उभे राहिले, तोवर सात पिढ्या लोटल्या होत्या.

रेडिओ आला आणि प्रश्नाचं रूप पालटलं. आता पुढारी एकाच वेळी सगळ्यांच्या घरात शिरू शकत होता, पण घरातलं काहीही त्याच्यापर्यंत येत नव्हतं. २ जानेवारी १९२१ ला पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधून केडीकेए केंद्राने उपासना प्रसारित केली. ती जगातली अशी पहिली मानली जाते. भाविकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून तंत्रज्ञांना गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं. चर्चच्या मुख्य पाळकांना या खेळण्यात रस नव्हता. प्रवचनाला त्यांनी कनिष्ठ सहकाऱ्याला उभं केलं. व्हॅटिकन रेडिओ १९३१ मध्ये मार्कोनीने स्वतः उभारून दिला. दूरचित्रवाणीला तर १९५८ मध्ये रक्षक संतही मिळाली, असिसीची क्लारा. आजारपणामुळे नाताळच्या मिस्सेला जाता न आल्याने तिने तो सोहळा आपल्या खोलीतच पाहिला अशी आख्यायिका आहे.

या काळातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा प्रयोग ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात झाला. जॉन फ्लिन या प्रेस्बिटेरियन पाळकाने १९१२ मध्ये तिथल्या विखुरलेल्या वस्त्यांसाठी मिशन सुरू केलं. १९२८ मध्ये त्याने विमानाने जाणारा डॉक्टर आणला आणि पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगरने बनवलेला, पायाने पॅडल मारून वीज निर्माण करणारा रेडिओ. हा रेडिओ दोन्ही बाजूंनी बोलणारा होता. डॉक्टरला बोलावण्यासाठी बसवलेल्या या यंत्रावर शेकडो मैल अंतरावरच्या बाया ठरावीक वेळी एकमेकींशी गप्पा मारायला जमू लागल्या. तिथल्या कलकलाट करणाऱ्या गाला पोपटांवरून या वेळेला नावही पडलं. फ्लिनने प्रवचनं ऐकवण्याची घाई केली नाही. आधी माणसं एकमेकांना ऐकू आली.

इंटरनेटवरचा पहिला गाजलेला प्रयोग ब्रिटनमधला ‘चर्च ऑफ फूल्स’, मे २००४ चा. पडद्यावर दगडी चर्च, बाकं, आणि आपल्या जागी एक बाहुला. बटण दाबलं की तो गुडघे टेके, हात वर करी. लंडनच्या बिशपांनी पहिलं प्रवचन दिलं. थोड्याच दिवसांत टवाळखोर घुसले आणि व्यासपीठावरून शिवीगाळ करू लागले. मग स्वयंसेवक द्वारपाल नेमावे लागले आणि त्यांना माणूस हाकलून द्यायचं एक खास बटण दिलं गेलं. भिंती काल्पनिक होत्या, पण दाराशी उभं राहायला खरी माणसंच लागली.

त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेत दुसरी वाट रुळली: एकाच प्रवचनकाराचा व्हिडिओ अनेक शहरांतल्या शाखांत दाखवायचा. सिॲटलच्या मार्स हिल चर्चच्या अशा १५ शाखा होत्या. नेतृत्वशैलीवरच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये मार्क ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला आणि वर्ष संपायच्या आत सगळं जाळंच विसर्जित झालं. ज्या शाखांत स्थानिक पाळकांचं वजन होतं, त्यांतल्या काही स्वतंत्र मंडळ्या म्हणून उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या चेहऱ्यावर किती भार टाकावा, याचा इतका स्वच्छ धडा क्वचितच मिळतो.

महामारीने हे सगळं एकदम सर्वांच्या अंगावर आणलं. आकडे फुगले. पण फेसबुक तीन सेकंद पाहिलेला व्हिडिओही पाहिला म्हणून मोजत असे, त्यामुळे ‘रविवारी दोन हजार होते’ या वाक्यात फार दम नव्हता. माझ्या मते त्या काळात तग धरला तो फोन करणाऱ्यांनी. मुंबई धर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून रुजलेले छोटे ख्रिस्ती समूह किंवा प्रॉटेस्टंटांच्या घरगुती प्रार्थनासभा जिथे जिवंत होत्या, तिथे कोणत्या आजींना औषध लागतं आणि कोणाचा पगार थांबला हे कोणाला तरी ठाऊक होतं. जिथे नव्हत्या तिथे सुंदर प्रक्षेपण झालं आणि आजींची खबर मयताच्या दिवशी लागली. मयताला तर पडद्याचा उपयोग फारच थोडा. परदेशातल्या मुलाला आईचं शेवटचं दर्शन मिळालं, हे मोठंच. पण कबरस्तानापर्यंत पेटीला खांदा द्यायला चार जण लागतातच.

आणि दारं उघडल्यावरची एक बाजू फारशी कोणी मांडत नाही. अंथरुणाला खिळलेले, व्हीलचेअरवरचे, रात्रपाळी करणारे यांना दीड वर्ष पहिल्यांदाच इतरांच्या बरोबरीने बसायला मिळालं होतं. कित्येक मंडळ्यांनी ‘आता सगळे या’ म्हणत प्रक्षेपण थांबवलं. ‘सगळे’मध्ये ही माणसं नव्हती.

सर्वांत मोठी ठिणगी पडली ती प्रभुभोजनावरून. कॅथलिक भूमिका जुनी आणि पक्की: इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ मध्येच लिहून ठेवलं होतं. पडद्यावर मिस्सा पाहणाऱ्याने मनोमन कम्युनियन घ्यावं. चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांनीही घरातल्या भाकरीवर पडद्यावरून अभिषेक होत नाही असंच सांगितलं. ब्रिटनच्या मेथडिस्टांनी मात्र २०२१ मध्ये ऑनलाइन प्रभुभोजनाला प्रायोगिक परवानगी दिली. स्वतंत्र मंडळ्यांनी तर कोणाला विचारलंच नाही. घरची भाकर, घरचा द्राक्षरस, आणि पाळक मोबाइलवर. मला यातली कोणतीच बाजू हास्यास्पद वाटत नाही. पण कोरियातल्या त्या शंकेखोर वाचकाचा प्रश्न, अधिकार दिला कोणी, इथेही टळत नाही. आणि जस्टिनच्या डीकनांची वाट टाळेबंदी उठल्यापासून सगळ्यांनाच मोकळी आहे. तिच्यासाठी इंटरनेट नको, चालणारी माणसं हवीत.

ती माणसं कोण असावीत यावर कॅथलिक चर्चमधली चर्चा महामारीच्या तोंडावरच एका टोकाला पोहोचली होती. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अशा वस्त्या आहेत जिथे धर्मगुरू महिनोन्‌महिने, कुठे वर्षभरही फिरकत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये रोमला भरलेल्या बिशपांच्या सभेने १२८ विरुद्ध ४१ मतांनी सुचवलं की अशा दुर्गम भागांत योग्य, विवाहित स्थानिक डीकनांना धर्मगुरूची दीक्षा द्यावी. १२ फेब्रुवारी २०२० ला पोप फ्रान्सिस यांचा प्रतिसाद प्रसिद्ध झाला. त्यात या सूचनेवर निर्णय नव्हता. महिन्याभरात इटलीतल्या सार्वजनिक मिस्साही बंद झाल्या, आणि रोमच्या कॅथलिकांनाही, ॲमेझॉनमधल्यांसारखंच, कम्युनियनवाचून राहावं लागलं. कॅमेऱ्याची सोय आठवडाभरात झाली. १२८ मतांची ती सूचना अजून तशीच पडून आहे.